घर सापडत नाही

शहापुरात मला ओळखणाऱ्यांना मी कॉम्प्युटरवर काम करते एवढंच ठाऊक आहे. त्यामुळे कुणाचा प्रिंटर अडकला, कुणाचा मोबाइल पाण्यात पडला, कुणाच्या मुलाचा निकाल साइटवर दिसेना, की आमच्या दाराची बेल वाजते. प्रिंटरमधलं मला ओ की ठो कळत नाही. हे सांगितलं की लोकांना वाटतं, बाई भाव खाते आहे. पूर्वी मी समजावत असे. आता दार उघडते, नाही म्हणते आणि लावून घेते.

माझं खरं काम सांगायला मला कधी सोपं वाक्य सापडलं नाही. आमच्या संस्थेची औषधांची गाडी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांना महिन्यातून एकदा जाते. बीपी, साखर, फिट यांच्या गोळ्या ज्यांना कायमच्या लागतात, त्यांना त्या जागेवर मिळतात. कुणाला काय द्यायचं ते एका डेटाबेसमध्ये असतं आणि त्या डेटाबेसची झाडलोट माझ्याकडे आहे. झाडलोटच म्हणायची. रोज काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा आहेच.

हा डेटाबेस तक्त्यांचा नाही. त्यात प्रत्येक माणसाचा एक वेगळा कागद आणि प्रत्येक घराचा एक वेगळा कागद, अशी रचना आहे. माणसाच्या कागदावर घराचा क्रमांक असतो, की हा माणूस त्या घरातला. आता गंमत अशी, की घराचा कागद कुणी काढून टाकला तरी माणसाच्या कागदाला त्याचा पत्ताच लागत नाही. तो आपला जुन्या क्रमांकाकडे बोट दाखवत राहतो. तक्त्यांच्या डेटाबेसमध्ये पहारा ठेवता येतो, आत माणसं असताना तो घर पाडूच देत नाही. आमच्याकडे तो पहारा नाही. ज्या हुशार तरुणाने ही रचना निवडली तो आता परदेशात आहे आणि सुखात असेल.

मग पहाऱ्याचं काम करायला मी एक टूल लिहिलं. त्याला खिडक्या नाहीत, बटणं नाहीत, दाखवायला एकही रंगीत चित्र नाही. काळ्या स्क्रीनवर एका ओळीची कमांड द्यायची. मग ते एकेक कागद उघडतं, त्यावरचा क्रमांक वाचतं आणि त्या क्रमांकाचं घर खरोखर आहे का ते पाहून येतं. असलं तर गप्प राहतं. नसलं तर लाल अक्षरांत एक ओळ टाकतं: घर सापडत नाही. सगळ्यात खाली चुकांची बेरीज.

दर सोमवारी सकाळी नवरा ठाण्याला कामावर गेला, की मी ओट्यावरची भांडी तशीच ठेवून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ही कमांड चालवते. पहिल्यांदा चालवली तेव्हा लाल ओळी थांबेनात. मला वाटलं, टूलमध्येच काहीतरी घोळ आहे. तपासलं तर टूल बरोबर होतं. ओळी वाचत गेले आणि लक्षात आलं, की त्यातली बहुतेक माणसं बायका आहेत.

कारण साधं होतं. गावातल्या कार्यकर्त्या गावाच्या रीतीनेच नोंदी ठेवत होत्या. मुलीचं लग्न झालं की हळद उतरायच्या आत माहेरची कार्यकर्ती तिला घरातून कमी करायची, तिच्या कागदावरचा क्रमांक पुसून टाकायची. गेली ना आता ती, मग कशाला ठेवायची? सासरची कार्यकर्ती मात्र लगेच लिहायची नाही. नवी सून जरा रुळू दे, घरातलं कुणी सांगू दे, मग लिहू. या दोघींच्या मध्ये ती मुलगी लटकलेली. वैशाखात लग्नं झाली की माझ्या स्क्रीनवर आषाढापर्यंत लाली. ऑफिसातल्या लोकांना मी हे समजावून सांगितलं तेव्हा ते हसले. मला काही हसू आलं नाही. लग्न होऊन शहापुरात आले तेव्हा माझं नाव रेशनकार्डावर चढायलाही घरातल्यांना दोन दिवाळ्या लागल्या होत्या.

तर हे एकेक निस्तरत गेले. फोन करायचा, ताई, ती अमकी कुठे दिली, त्या गावच्या ताईंचा नंबर द्या, त्यांना सांगा, लिहून घ्या. असं करत करत लाल ओळी आटल्या. गेल्या दिवाळीनंतर एकच उरली.

ती साठीच्या आसपासची बाई होती. माहेर मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे आत. सासर इकडे शहापूर तालुक्यात, उंबरमाळीच्या बाजूला. तिला फिट येतात. मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी आणली आणि ही भावाकडे परतली, त्याला वर्षं लोटली. तिच्या कागदावर मात्र अजून सासरच्या घराचा क्रमांक होता. मधल्या काळात त्या लोकांना घरकुल मिळालं. कुडाचं जुनं घर पाडलं, विटांचं नवं बांधलं. तिथल्या कार्यकर्तीने जुन्या घराचा कागद काढून नव्या घराचा केला आणि माणसं इकडून तिकडे नेली. ही तिथे नव्हतीच, तर तिला कोण नेणार? पाडलेल्या घरात ती एकटी राहून गेली.

इतके दिवस त्याने काही बिघडत नव्हतं. गाडी टोकावड्याकडे गेली की ती येऊन उभी राहायची, गाडीवरची मुलं नाव शोधून गोळ्या द्यायची. पण नव्या वर्षापासून गाडीवर नवं ॲप येणार होतं. त्यात आधी घर उघडायचं आणि मग घरातला माणूस. घर नाही तर माणूस उघडत नाही. आणि माणूस उघडला नाही तर गोळी निघत नाही. फिटच्या गोळ्या चार दिवस चुकल्या तरी काय होतं ते मला माहीत आहे. माझा काका असाच विहिरीवर फिट येऊन गेला.

मी ऑफिसात सांगितलं, एका बाईसाठी काही वेगळी सोय ठेवा. आमचे मुख्य माझ्यापेक्षा वयाने पुष्कळ लहान, स्वभावाने चांगले. ते म्हणाले, "मॅडम, टूल तुमचंच आहे. तुम्हीच म्हणायच्यात ना, एकालाही सूट नाही?" म्हणायचे खरी. कुणाच्या तोंडात माझं वाक्य ऐकलं की मला ते फार मूर्ख वाटतं.

भात झोडून झालं होतं, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या, तेव्हा मी आधी उंबरमाळीच्या बाजूला गेले. त्या बाईचा नवरा कामावर गेला होता. दुसरी बायको दारात नाचणी पाखडत बसली होती. मी सगळं सांगितलं. मनातून मी भांडणाची तयारी करून आले होते.

तिने सूप खाली ठेवलं. "लिवा की आमच्यात," ती म्हणाली. "गोळ्यांनी आमचं काय जातंय? मी आले तवा ह्याच बाईनं मला चूल दावली."

मला इतकं बरं वाटलं, की तिने दिलेला कोरा चहा मी गूळ कमी असूनही दोनदा घेतला. पण तिथल्या तिथे लिहिलं नाही. ज्या बाईचं लिहायचं तिला विचारावं, असं वाटलं. हा शहाणपणा मला कुठून सुचला कोण जाणे. लिहून मोकळी झाले असते तर पुढचं काही घडलं नसतं.

दोन दिवसांनी मुरबाडला गाडी बदलून टोकावड्याला उतरले. तिथली कार्यकर्ती स्टँडवर आली होती. आम्ही चालत आत गेलो. भावाचं घर बरं होतं, पुढे पडवी. पडवीच्या कोपऱ्यात एक गोधडी, एक पत्र्याची पेटी, खुंटीला पिशवी. त्या बाईंचा, मावशींचा, सगळा संसार तेवढा. त्या स्वतः बारीक, ताठ, डोळ्यांनी हसणाऱ्या. आणि दारात भावजय.

मी भावजयीला आधी विचारलं, इथेच राहतात तर इथेच लिहू का. खरं तर तेच योग्य होतं.

"नाय लिवायचं," भावजय म्हणाली. "राहते, जेवते, मी कदी एका शब्दानं बोलले नाय. इचारा तिला. पण लिवायचं नाय."

"पण का?"

"आज तुमी लिवाल. उद्या तलाठी लिवल. परवा ह्या पडवीला वाटणी."

मी सांगितलं, की आमच्या लिहिण्याचा जमिनीशी काही संबंध नाही, हे फक्त औषधांसाठी आहे. भावजयीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचं वाक्य गिळलं. पडवीचंच वेगळं घर लिहावं म्हटलं, तर नव्या घराच्या नोंदीला दाराचा फोटो लागतो. मी मोबाइल वर केला मात्र, भावजयीने दार ओढून घेतलं. कार्यकर्तीला म्हटलं, तुमच्या घरात लिहूया का? ती घाबरली. "नको ताई, सासू इचारंल ना, कोन ही म्हणून."

मग मी मावशींना सवतीचं सांगितलं. ती आपणहून तयार आहे, तिथे लिहिते, तुम्हाला जायचं नाही, काही नाही, फक्त नाव.

मावशींचं हसणं गेलं. "त्या दारावर नको बाय," त्या म्हणाल्या. "ती बरी हाय, तिचं काय नाय. पण तितं नको. फिट येऊन मेले तरी चालंल."

"मग कुठे लिहू मावशी?"

"तुमी शिकलेल्या. बगा कुटं तरी."

परतीची एसटी यायला वेळ होता. स्टँडसमोरच्या धाब्यावर मी बाकड्यावर बसले. पाय दुखत होते, डोकं ठणकत होतं. एका बाईला दोन तालुक्यांत मिळून एक घर सापडू नये, याचा मला राग आला, आणि राग कुणावर काढावा हेही समजेना. भावजय जेवायला घालत होती. सवत तयार होती. कुणीच वाईट नव्हतं. मी मोबाइल काढला, मावशींचा कागद उघडला आणि घराच्या जागी माझ्या स्वतःच्या घराचा क्रमांक टाकला. नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्यांसाठी आमचंही घर डेटाबेसमध्ये होतंच. नवरा, मी, पुण्याला शिकणारा मुलगा आणि आता मावशी.

मुरबाडला पोचायच्या आत कार्यकर्तीला फोन करून सांगितलं, मिटलं, शहापूरला माझ्याकडे लावलंय, गोळ्या चालू राहतील. सोमवारी कमांड चालवली. टूल एकेक कागद उघडत गेलं, घरं पाहून आलं आणि गप्प राहिलं. चुका: शून्य. मी भांडी घासून घेतली आणि दुपारी कधी नव्हे ती झोपले. नवऱ्याला काही सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं होतं तरी काय?

होळी जवळ आली तेव्हा माझ्या मोबाइलवर मेसेज आला. नव्या ॲपमध्ये तशी सोय होती, की गोळ्या कुणी नेल्या नाहीत तर घरच्या माणसाला कळवायचं. 'आपल्या कुटुंबातील सदस्याने या महिन्याची औषधे घेतलेली नाहीत.' मला वाटलं, नवरा विसरला. त्याचा डबा पाहिला, गोळ्या होत्या. मग डोक्यात प्रकाश पडला.

कार्यकर्तीला फोन लावला. ती आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "ताई, पाकीट आलंच नाय ना त्यांचं. गाडीवरच्या पोरांनी बगितलं. म्हणाले, मावशी, तुमचं घर शहापूरला लागलंय, गोळ्या तिकडच्या गाडीत."

नवं ॲप आल्यापासून पाकिटं घराच्या गावाप्रमाणे गाडीत चढतात. घर शहापूरला, तर पाकीट शहापूरच्या गाडीला. एवढी साधी गोष्ट. पहिल्या महिन्याची पाकिटं आधीच जुन्या पद्धतीने भरलेली होती म्हणून तेव्हा कळलं नाही.

"मग आता?"

"गाडीवर सगळ्या बायका होत्या. सगळ्यांनी ऐकलं. तुमीच या ताई. मी काय सांगू फोनवर?"

शहापूरच्या गाडीतून पाकीट घेतलं आणि निघाले. वाटेत सगळा वेळ वाक्यं जुळवत होते. भावजयीला हे सांगायचं, मावशींना ते सांगायचं. डेटाबेसमधलं घर म्हणजे घर नव्हे, तो नुसता एक आकडा आहे, आकड्याकडे बोट दाखवलं म्हणजे झालं, असं काहीतरी.

पडवीत पोचले तर गोधडी घडी करून सुतळीने बांधलेली. पेटीला कुलूप. मावशी पेटीवर बसलेल्या, अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं, केसांना तेल. कपाळावर डाव्या बाजूला खरचटल्याची खपली धरली होती. हातपंपावर पडल्या होत्या, चार दिवसांपूर्वी. मी पाकीट फोडून आधी गोळी दिली. त्यांनी ती पाण्याबरोबर घेतली आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसल्या.

भावजय बाहेर आली. आज तिच्या आवाजात धार नव्हती. "तुमी तुमच्या घरात लिवून घेतली, मला आधी बोलायचं तरी," ती म्हणाली. "गावात सगळी इचारतात, नणंद कदी जाते. कालपासून बसलेय ती अशी. म्हटलं, न्यायला येतीलच."

वाटेत जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. भावजय आत गेली आणि सूप घेऊन आली. त्यात तांदूळ, नारळ, हळकुंड, खण. तिने मावशींना पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं आणि त्यांची ओटी भरली. नवऱ्याने टाकलेल्या त्या साठीच्या बाईची ओटी, नव्या नवरीची भरावी तशी पाच ओंजळी. दुसऱ्या ओंजळीला भावजय रडायला लागली. "माज्याकडनं काय कमी झालं आसंल तर पोटात घाल," ती म्हणाली. मावशींनी पदर सावरून धरला होता, त्यांना डोळे पुसता येत नव्हते. मी बाजूला उभी होते, हातात गोळ्यांचं फोडलेलं पाकीट. मला रडू येत होतं आणि तितकाच सगळ्यांचा संतापही येत होता, माझ्यासकट. आता यातलं काय आणि कसं मागे घ्यायचं? ज्या बाईची ओटी भरून झाली तिला, थांबा, हे तसं नाही, असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

मावशींच्या भाच्याने पेटी स्टँडपर्यंत आणून दिली. एसटीत मावशींना खिडकी दिली. टोकावडं मागे पडलं तरी त्या मागे वळून पाहत नव्हत्या, ओटीतले तांदूळ सांडू नयेत म्हणून दोन्ही हातांनी पदर धरून बसल्या होत्या. कंडक्टरला मी दोन तिकिटं मागितली.

मुरबाडच्या अलीकडे नवऱ्याचा फोन आला. तो लवकर घरी आला होता. कुठे आहेस, जेवायचं काय, म्हणाला. मी येतेय म्हटलं, तू कुकर लाव. तो बरं म्हणाला. फोन ठेवणार तेवढ्यात मी म्हटलं, "ऐक, भात जरा जास्त लाव."

"का, कोण येतंय?"

मावशी माझ्याकडे बघत होत्या.

"येतंय असं नाही," मी म्हटलं. "आता रोजच लागेल."